अपडेटनंतर गाडी मागून सुटते? आधी ती तुझीच गाडी उरलीय का ते बघ

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा कोल्हापूरचाच, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. बीमएनजी ड्राइव्ह या गाडी चालवायच्या संगणकावरच्या खेळातली इबिशू २००बीएक्स ही मागच्या चाकांना ताकद जाणारी गाडी त्यानं तीन आठवडे बसून हवी तशी जुळवली. टायर एका मॉडचे, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवून दिलेल्या जोडभागांतले, घातले. इटलीच्या नकाशातला डोंगरातला रस्ता तो करूळ घाट समजून उतरतो. मग एक छोटा अपडेट आला आणि तेव्हापासून गाडी वळणात मागून सुटते, उतारावर ब्रेक निम्म्यातच सैल पडतात, स्टिअरिंग सरळ रस्त्यावरसुद्धा थरथरतं. त्याला तीन गोष्टी हव्यात: फिजिक्स बदललं का, जुन्या आवृत्तीवर परत जाऊ का, आणि कॉलेजच्या बाहा गाडीसाठी (स्पर्धेसाठी पोरं स्वतः बनवतात ती पाइपची गाडी) असल्या खेळावर भरवसा ठेवायचा का. जाता जाता त्यानं असंही लिहिलंय की त्याच आठवड्यात तो घर सोडून राजारामपुरीत मित्रांच्या खोलीवर राहायला गेला. त्या ओळीवर मी खूण करून ठेवलीय, शेवटी तिच्याकडं येतो.

भावा, माझं उद्यमनगरात व्हील अलाइनमेंटचं आणि सस्पेन्शनचं गॅरेज आहे. बावीस वर्षं झाली. हा खेळ पोरानं घरात आणला, आता रात्री खेळाचं स्टिअरिंग माझ्याच हातात जास्त असतं आणि पोरगं मागं उभं राहून चुका काढतं. त्यामुळं उत्तर देताना माझी भाषा गॅरेजची येणार, ती चालवून घे.

दुकानात रोज एक वाक्य ऐकतो: "टायर बदलल्यापासून गाडी ओढायला लागली." गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं. टायर बदलले हे खरं, गाडी ओढते हेही खरं. एकामुळं दुसरं झालं का, हे मात्र गाडी रॅकवर चढवल्याशिवाय मी सांगत नाही. तुझी अडचणही तीच आहे. अपडेटच्या आधी तुझी गाडी नेमकी कशी होती याचा एकही आकडा तुझ्याकडं नाही. 'मस्त चालायची' एवढीच नोंद आहे. आणि तीन तक्रारी तू एकाच गाठोड्यात बांधल्यास. मागून सुटणं, ब्रेक आणि थरथर यांना एकच कारण असेल असं मला वाटत नाही.

आधी आत काय चालतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हा खेळ जर्मनीतल्या ब्रेमेनच्या कंपनीचा. त्यातली सुरुवातीची मंडळी रिग्ज ऑफ रॉड्स या जुन्या सिम्युलेटरवर काम केलेली. २०१३ मध्ये तो पहिल्यांदा लोकांपुढं आला, २०१५ पासून स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विकायला, आहे. इथली गाडी एकसंध ठोकळा नसते. वजन असलेले शेकडो बिंदू म्हणजे नोड, आणि त्यांना जोडणाऱ्या बीम. प्रत्येक बीमला स्प्रिंगचा कडकपणा आहे, डँपिंग आहे, किती जोरानं वाकायचं आणि किती जोरानं तुटायचं याचा आकडा आहे. हा सगळा हिशोब सेकंदाला २,००० वेळा होतो. ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला २७.८ मीटर जाते, म्हणजे दोन हिशोबांच्या मध्ये ती जेमतेम १.४ सेंटिमीटर सरकलेली असते.

याचा तुझ्यासाठी अर्थ असा की तू कॅम्बरचा स्लायडर हलवतोस तेव्हा 'कॅम्बर' नावाचा आकडा बदलत नाही, एखाद्या बीमची लांबी बदलते. चाक किती कललं हा त्याचा परिणाम. खऱ्या गाडीत मी शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती, घालतो तेव्हा अगदी हेच होतं, आणि कॅम्बरबरोबर टो (वरून बघितलं तर चाकं आत वळलीत की बाहेर) हलतो, कधी कॅस्टरही (स्टिअरिंगच्या आसाचा पुढं-मागं कल) हलतो. म्हणून एक भाग बदलला की चार मापं हलतात, आणि 'मी तर फक्त टायर बदलले' हे वाक्य इथंही खरं नसतं.

आता छोट्या अपडेटबद्दल. समजा ०.३४ चं ०.३४.२ झालं. तिसरा अंक बदलतो तेव्हा बहुतेक वेळा आत दुरुस्त्याच असतात: कुठं खेळ बंद पडत होता, कुठं बटण चुकत होतं, कुणा गाडीचा दरवाजा नीट लागत नव्हता. सगळ्या गाड्यांचा पाया असलेला हिशोब अशा वेळी सहसा हलवत नाहीत. पण 'छोटा' हे बनवणाऱ्याच्या हिशोबानं. यादीत तुझ्या गाडीच्या मागच्या आर्मबद्दल (चाकाला गाडीशी जोडणारा दांडा) एक ओळ असेल तर तुझ्यासाठी तो अपडेट मोठाच झाला. म्हणून पहिलं काम फुकटचं आहे. बदलांची यादी उघड, तिच्यात गाडीचं नाव शोध, मग 'टायर', 'ब्रेक', 'फोर्स फीडबॅक' (खेळाच्या स्टिअरिंगमधल्या मोटरचा जोर) हे शब्द शोध. पाच मिनिटं लागतात. माझ्या ओळखीतली निम्मी पोरं ही पाच मिनिटं देत नाहीत आणि पाच तास वाद घालतात.

यादीत काही सापडलं नाही तर माझा पहिला संशय तुझ्या सेव्ह केलेल्या जुळवणीवर. ती '.पीसी' शेपटीच्या फाइलमध्ये राहते आणि साध्या नोटपॅडमध्ये उघडते. आत दोनच महत्त्वाच्या गोष्टी: कुठल्या जागी कुठला भाग त्याची नावं, आणि स्लायडरचे आकडे. ध्यानात घे, भाग स्वतः त्या फाइलमध्ये नसतो, फक्त त्याचं नाव असतं. मॉड बंद पडलं, किंवा मॉडवाल्यानं नाव बदललं, की खेळाला तो भाग सापडत नाही. मग ती जागा रिकामी राहते किंवा तिथं मूळचा भाग येतो, आणि गाडी दिसायला तशीच दिसते. चाकाची रिम तीच, रंग तोच, खालचं रबर मात्र कारखान्याचं. हे म्हणजे वर्कशॉपला फक्त चिठ्ठी पाठवण्यासारखं. चिठ्ठीवरचा नंबर स्टोअरला नसला तर जे हाताला लागेल ते बसवून येतं.

मी स्वतः यात एकदा चार रात्री घालवल्यात. एका गाडीच्या मागच्या स्प्रिंगशी भांडत होतो. पाचव्या रात्री भागांची यादी वरून खालपर्यंत वाचली तर डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा भाग, साधं निघालं. माझं लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळं फिरू न देणारं डिफरन्शियल) ज्या मॉडमधलं होतं ते मीच जागा करायला पुसलं होतं आणि विसरलो होतो. पोरगं अजून चिडवतं.

तेव्हा तू असं कर. भागांची यादी उघड आणि एकेक जागा मोठ्यानं वाच: टायर, डिफरन्शियल, अँटिरोल बार (वळणात गाडी कलू न देणारी सळई), शॉकॲब्सॉर्बर, ब्रेक पॅड, डिस्क. मग '.पीसी' फाइलमधल्या नावांशी ताडून बघ. त्यानंतर लाँचरमधल्या सेफ मोडमध्ये, म्हणजे सगळी मॉड बाजूला ठेवून, कारखान्यातून येते तशी २००बीएक्स त्याच रस्त्यावर उतरव. ती शहाण्यासारखी वागली तर बिघाड तुझ्या भागांत किंवा मॉडमध्ये. तीही सुटायला लागली तर खेळ, संगणक किंवा तुझे हात, यांच्यापैकी कुठंतरी.

'शहाण्यासारखी' हे मोजायचं कसं? घाट उतरून कधीच मोजू नकोस. घाटात दर फेरीला तुझी ओळ वेगळी, ब्रेकचा क्षण वेगळा, मूड वेगळा. खेळातल्या ग्रिड नावाच्या सपाट नकाशावर जा. क्रूझ कंट्रोल १०० वर लाव, गाडी स्थिर होऊ दे, मग पूर्ण ब्रेक. किती मीटरात थांबली ते लिही. पाच वेळा कर, सगळ्यांत चांगला आणि सगळ्यांत वाईट आकडा सोड, उरलेल्या तिघांची सरासरी घे. टायरची पकड (घर्षणांक) ०.९ धरली तर हिशोबानं सुमारे ४४ मीटर यायला पाहिजेत. पकड पाच टक्क्यांनी घसरली तर ४६ येतील.

काही जण यासाठी गोल फिरून बघतात. ३० मीटर त्रिज्येचं वर्तुळ, हळूहळू वेग वाढवायचा, गाडी कुठल्या वेगाला वाट सोडते ते बघायचं. चांगली चाचणी आहे, पण पकडीतला छोटा फरक तिथं लपतो, कारण वेग पकडीच्या वर्गमुळाप्रमाणं बदलतो. त्याच पाच टक्क्यांनी ५८.६ चा वेग ५७.१ होतो. दीड किलोमीटरचा फरक तुझ्या हाताच्या चुकीतच बुडून जाईल. मात्र पुढचं आधी सुटतं की मागचं, हे वर्तुळच सांगतं, ब्रेकची चाचणी सांगत नाही. म्हणून पकड किती ते ब्रेकनं मोज आणि तोल कुणीकडं ते वर्तुळानं बघ. हे आकडे वहीत लिहून ठेव. पुढचा अपडेट येईल तेव्हा या वहीची किंमत कळेल.

आता मागून सुटण्याकडं येऊ. तू सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट लिहिलेली नाहीस. एक्सिलेटर सोडल्यावर सुटते की दाबल्यावर? दोन्हींना आपण 'मागून सुटते' म्हणतो, पण दुखणी दोन आहेत.

सोडल्यावर सुटत असेल तर असं बघ. उतारावर वजन आधीच पुढं झुकलेलं असतं. तू पाय उचललास की इंजिन मागच्या चाकांना धरून ओढतं आणि आणखी वजन पुढं जातं. मागच्या टायरवर आधीच कमी भार, त्यात इंजिनचं ओढणं. अशा वेळी मागची बाजू तीन गोष्टी सांभाळतात: मागचा टो-इन, मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा रिबाउंड (दबलेला परत उघडताना तो किती अडवतो ते) आणि डिफरन्शियल. पाय उचलल्यावरही लॉक होणारं लिमिटेड स्लिप असेल तर ते गाडीला सरळ धरून ठेवायला बघतं, साधं डिफरन्शियल तसं काही करत नाही. मी पहिल्यांदा मागचा टो बघेन. स्लायडर शून्यावर आलाय का? खऱ्या गाडीतही मागचा टो थोडा जरी आउट झाला तरी गाडी मोठ्या रस्त्यावर भरकटल्यासारखी चालते, आणि गिऱ्हाईक सांगतं पुढचं अलाइनमेंट बिघडलंय.

दाबल्यावर सुटत असेल तर टायर, मागचा अँटिरोल बार, मागची स्प्रिंग, या क्रमानं जा. इथं थोडा हिशोब सांगतो, कारण तुझ्या अभ्यासातला आहे. १,२०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर दीड मीटर. वळणात ०.८ जी ला (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट जोराला) आतल्या चाकांवरचं ३२० किलो वजन बाहेरच्या चाकांवर जातं. हे ३२० तुला टाळता येत नाही. पुढं किती आणि मागं किती, एवढंच ठरवता येतं, आणि ते मुख्यतः स्प्रिंग आणि अँटिरोल बार ठरवतात. मागचा बार कडक केलास की त्यातला मोठा वाटा मागच्या बाहेरच्या टायरवर येतो. टायरचा स्वभाव असा की भार दुप्पट झाला तर पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. म्हणून जिथं वजन जास्त फेकलं जातं तो ॲक्सल आधी हात टेकतो.

या खेळात टायरचा हा स्वभाव आकड्यांत लिहिलेला असतो: भार नसताना पकड किती, पूर्ण भाराला किती, मधला उतार किती. मॉडच्या टायरमध्ये हे आकडे मॉड करणाऱ्यानं आपल्या हातानं घातलेले असतात, बऱ्याचदा स्वतःच्या आवडत्या एकाच गाडीवर बघून. त्याच्या गाडीवर ते बरोबर असतील. तुझ्या २००बीएक्सवर कडक मागच्या बारसोबत ते कसे वागतील याची हमी त्यानं दिलेली नाही. माझं मत सरळ आहे: जुळवणी शिकायची असेल तर पहिले सहा महिने मूळ टायरवरच काढ. पकड वाढवणारे टायर लावले की सस्पेन्शनच्या सगळ्या चुका झाकल्या जातात.

ब्रेकचं कोडं मला सगळ्यांत सोपं वाटतं. या खेळात ब्रेक तापतात आणि तापले की पकड सोडतात, पॅड आणि डिस्क बदलून त्यात फरक पडतो. १,२०० किलोची गाडी ३०० मीटर खाली उतरव. उंचीतून येणारी ऊर्जा सुमारे ३५ लाख ज्यूल. चार डिस्क मिळून २५ किलो लोखंड धर. सगळी ऊर्जा त्यांच्यातच गेली आणि वाऱ्यानं काहीच थंड केलं नाही, तर डिस्क जवळजवळ ३०० अंशांनी तापतील. खऱ्यात वारा असतो, इंजिनचं ओढणं असतं, म्हणून एवढं होत नाही. पण इंजिननं वाटा उचलला नाही तर आकडा त्या बाजूला सरकतो. तेव्हा तू कुठल्या गिअरमध्ये उतरतोस ते बघ. गिअरबॉक्सचा मोड आर्केड आहे की रिअलिस्टिक? आर्केडमध्ये गिअर खेळ ठरवतो, रिअलिस्टिकमध्ये तू. सेटिंग इकडचं तिकडं झालं असेल, किंवा बटणाची जुळवणी बदलली असेल, तर पूर्वी दुसऱ्यात उतरणारी गाडी आता चौथ्यात उतरत असेल. आणि तुझ्या यादीत रेसचे पॅड होते ते आहेत का, हेही त्याच वेळी कळेल.

करूळला किंवा आंबा घाटात खाली येऊन थांबलेल्या गाड्यांच्या चाकांतून जळका वास येतो ना, तो याच हिशोबाचा. ड्रायव्हर म्हणतो लायनर हलके घातलेत. बहुतेक वेळा लायनर ठीक असतात. ज्या गिअरात चढला असतास त्याच गिअरात उतर, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आता जुन्या आवृत्तीवर जाण्याचं. स्टीमवर निर्माते ज्या शाखा उघड्या ठेवतात त्यांच्यातच मागं जाता येतं, आपल्या मर्जीनं कुठल्याही तारखेला नाही. पण सोय असली तरी मी जाणार नाही. का, ते एका पिकअपवरून सांगतो.

राधानगरीकडून दुधाचे कॅन आणणारी गाडी होती. उजवा खालचा आर्म खड्ड्यात वाकला होता, ते मी आर्म बदलायला खोलल्यावर दिसलं. नवा आर्म बसवला, गाडी दिली. अर्ध्या तासात मालक परत. "साहेब, आता डावीकडं ओढते. आधी सरळ चालत होती. तुमचा नवा आर्मच खराब आहे, जुना बसवा." खरंच सरळ चालत होती, मी स्वतः चालवून घेतली होती. मग दोन्ही आर्म फरशीवर शेजारी शेजारी ठेवले. मालकालाच पट्टी धरायला लावली. बुशच्या मध्यापासून बॉल जॉइंटच्या मध्यापर्यंत जुना सात मिलिमीटर आखूड. सात मिलिमीटर म्हणजे त्या गाडीत कॅम्बरमध्ये दीड अंशाच्या आसपास. पूर्वी कुणीतरी, बहुधा रस्त्यातल्याच कुणी, वाकलेला आर्म न बदलता वरच्या आर्मला शिम रचून गाडी सरळ करून दिली होती. वाकडा आर्म आणि वाकडे शिम मिळून सरळ गाडी. मी अर्धं वाकडेपण काढलं आणि उरलेलं अर्धं गाडीला ओढायला लागलं. चूक माझीही होती. आर्म बदलल्यावर अलाइनमेंट न करता गाडी द्यायला नको होती.

तुझी तीन आठवड्यांची जुळवणी म्हणजे ते शिम असू शकतात. खेळात आधी काही थोडं चुकलेलं असेल, ते झाकायला तू नकळत स्लायडर सरकवत गेलास, आणि अपडेटनं ती चूक काढली. तसं असेल तर जुनं आकडेपत्रक कितीही प्रिय असलं तरी शून्यापासून परत बसणं शहाणपणाचं. नव्यानं बसशील तेव्हा जमिनीकडून वर जा: टायरची हवा, मग टो आणि कॅम्बर, मग स्प्रिंग, मग बार, सगळ्यांत शेवटी शॉकॲब्सॉर्बर. एका वेळी एकच गोष्ट हलव, आणि प्रत्येक बदलानंतर ब्रेकची ती पाचांची चाचणी. तीन आठवडे लागणार नाहीत. मला वाटतं दोन संध्याकाळी पुरतील, कारण या वेळी तुला कळत असेल आपण काय हलवतोय.

पुढच्या खेपेसाठी दोन गोष्टी. स्टीममध्ये 'खेळ सुरू करतानाच अपडेट कर' हे सेटिंग ठेव, म्हणजे ते झोपेत होणार नाही. आणि अपडेटआधी तुझ्या '.पीसी' फाइल आणि मॉडचं फोल्डर पेनड्राइव्हवर घे. भागांच्या यादीचा फोटो काढलास तर आणखी चांगलं.

इथवरचा क्रम एकदा नीट धर: बदलांची यादी, मग भागांची यादी, मग मॉडशिवाय मूळ गाडी, मग सपाटावर मोजणी, आणि घाट त्यानंतर. उलट दिशेनं गेलास तर माझ्यासारख्या चार रात्री जातील.

बाहा गाडीबद्दल. भरवसा ठेव, पण दिशेवर ठेव, आकड्यावर नको. 'मागचा बार कडक केला तर मागची बाजू आधी सुटेल' हे इथं जसं शिकशील तसंच तुमच्या गाडीत दिसेल. 'स्प्रिंग अमुक कडक पाहिजे' हा आकडा मात्र इथून उचलून तिथं नेऊ नकोस. तुमची पाइपची गाडी या खेळात नाही, आणि कुणी मॉड म्हणून बनवलीच तरी तिचे नोड किती वजनाचे हे त्यानं अंदाजानंच लिहिलेलं असणार. हलक्या नोडला फार कडक बीम जोडली की सेकंदाला २,००० हिशोबही अपुरे पडतात आणि ती जागा आपोआप कंप पावायला लागते. म्हणून मॉड करणारे नोड जड करतात किंवा बीम मऊ करतात. गाडी स्थिर राहते, पण ती तुमची गाडी राहत नाही.

त्यापेक्षा आधी तुमच्या गाडीचं वजन नीट कर. पोरं ऊसतोडीच्या ट्रॅक्टरसारखी गाडी वजनकाट्यावर घेऊन जातात, आधी पुढची चाकं मग मागची. ट्रकसाठी ठीक आहे. दोनशे किलोच्या गाडीला तो काटा फार भरड. शाहूपुरीत गुळाचे रवे ज्यावर ठेवतात तसे चार प्लॅटफॉर्म काटे एका दिवसासाठी माग, कुणीतरी देईल. चारही एका पातळीत ठेव, ड्रायव्हर बसव, चार आकडे लिही. मग शॉकॲब्सॉर्बरच्या जागी लोखंडी पट्टी बोल्ट करून सस्पेन्शन जाम कर, मागची चाकं अर्धा मीटर उचल आणि पुढच्या काट्यांवर किती वजन वाढलं ते बघ. त्यावरून गुरुत्वमध्याची उंची निघते. दोनशे किलो वजन आणि दीड मीटर व्हीलबेस असेल तर १२ किलो वाढ म्हणजे गुरुत्वमध्य ॲक्सलच्या वर सुमारे २५ सेंटिमीटर. काटा एका किलोनं चुकला तर उंची दोन सेंटिमीटरनी चुकते, म्हणून भरड काटा नको म्हणतोय. हे आकडे हातात आले की वरचा ३२० किलोवाला हिशोब तू स्वतःच्या गाडीसाठी कागदावर करशील, खेळाची गरजही लागणार नाही.

राहिलं स्टिअरिंग. ते मुद्दाम मागं ठेवलं, कारण तिथं अपडेटवर माझा सगळ्यांत कमी संशय आहे.

सरळ रस्त्यावर थरथर, आणि तू लिहितोस की हात सोडल्यावर जास्त. फोर्स फीडबॅकचं स्टिअरिंग म्हणजे मोटरनं केलेली स्प्रिंग. खेळ सांगतो 'मध्यावर ये', मोटर ओढते. तो निरोप उशिरा पोचला तर स्टिअरिंग मध्य ओलांडून पलीकडं गेलेलं असतं. मग उलटा निरोप येतो, तोही उशिरा. कडक स्प्रिंग आणि उशीर एकत्र आले की डोलणं सुरू होतं. उसाच्या दोन ट्रॉल्या मागं लावलेला ट्रॅक्टर उतारावर शेपूट हलवायला लागतो, तसंच. म्हणून फोर्सची ताकद निम्मी करून बघ. थरथर गेली तर फिजिक्सचा काही संबंध नाही, कुठंतरी उशीर वाढलाय.

आणि उशीर कुठून वाढला, तर मला तुझी नवी खोली दिसते. घरी लॅपटॉप चार्जरवर असायचा. खोलीवर प्लग किती आहेत, आणि तू कितव्या नंबरला? बॅटरीवर लॅपटॉपचा प्रोसेसर हात आखडता घेतो, आणि या खेळात प्रत्येक गाडीचा हिशोब प्रोसेसरच करतो. रस्त्यावर ट्रॅफिक सोडलं असशील तर आणखीच. फ्रेमचा आकडा पडद्यावर ठेव, ट्रॅफिक बंद कर, चार्जर लाव आणि बघ.

दुसरं, ते स्टिअरिंग घट्ट कशाला केलंयस? घरचं टेबल सागाचं होतं की काय माहीत नाही, पण राजारामपुरीतल्या खोल्यांवर पत्र्याची घडीची टेबलं असतात, पोरांची बघितलीत मी. मोटर एकदा हलली की तसलं टेबल तिच्याबरोबर नाचतं, आणि तेच थरथरणं तुझ्या हातात परत येतं. खेळ चालू ठेव, मित्राला टेबलाचे दोन पाय घट्ट धरून बसायला सांग आणि सरळ रस्त्यावर ८० नं जा. थरथर कमी झाली तर टेबलाच्या पायांना आडवी पट्टी मारून घे. उद्यमनगरात आलास तर माझ्याकडं वेल्डिंग आहे, पट्टीचे तेवढे पैसे दे.